बिल्डरने कबूल केलेला सार्वजनिक जलतरण तलाव मिळवायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याजवळच्या एका मोठ्या गृहप्रकल्पात राहतो. फ्लॅट विकताना बिल्डरने माहितीपत्रकात जलतरण तलाव दाखवला होता आणि तो शेजारच्या गावठाणातल्या लोकांनाही माफक शुल्कात खुला राहील, असं छापलं होतं. आता त्याच जागेवर दुकानं काढायचं चाललंय. तलावाऐवजी सोसायटीला एकरकमी पैसे देतो, असा निरोप आलाय.

इथेच आमच्यात फूट पडलीय. काहींना पैसे हवेत. काही म्हणतात तलाव हवा, पण फक्त सभासदांसाठी. गावठाणातली मुलं अजून विहिरीत पोहायला शिकतात. त्यांना दिलेला शब्द आपण परस्पर विकायचा, हे मला अजिबात पटत नाही.

रेरा कायदा, 2016 (बिल्डर आणि गृहप्रकल्पांवर नियमन ठेवणारा कायदा) मी वाचलाय. कलम 14 नुसार मंजूर आराखड्यातली सामायिक जागा बदलायला किमान दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. कलम 12 खोट्या जाहिरातीबद्दल आहे. कलम 31 मध्ये ‘बाधित व्यक्ती’ला तक्रार करता येते.

प्रश्न असा, की ज्यांनी फ्लॅट घेतलेला नाही ते गावकरी ‘बाधित’ ठरतात का? तलाव फक्त माहितीपत्रकात असेल, मंजूर नकाशात नसेल, तर कलम 14 लागू होतं का? नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागवलीय. महारेरात (या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) अशी तक्रार केलेल्यांनी कृपया अनुभव सांगा. सर्वसाधारण सभा तोंडावर आलीय, आणि तिथे पैशांचा ठराव एकदा झाला की पुढचं सगळं अवघड होईल.