मदत हवी आहे: मार्लिन रायफलला काळा हँडगार्ड (नळीभोवतीचं पकडायचं आवरण) बसत नाहीये, शनिवारच्या आत उत्तर हवंय

घाईत_आहे
मंडळी, लीव्हर-ॲक्शनवाले (खालचा दांडा ओढून पुढची गोळी भरायच्या बंदुकांचे) कोणी आहात का इथे? एम-लॉकचा (म्हणजे दिवा वगैरे अडकवायच्या खाचांचा) काळा ॲल्युमिनियम हँडगार्ड मागवला, वरची रेलही (दुर्बीण बसवायची पट्टी) मागवली. जुना लाकडी फोरएंड, म्हणजे नळीखालचं लाकूड, काढला. नवा अर्धा सरकतो आणि पुढे अडतो. व्हिडिओतल्या माणसाने वीस मिनिटांत बसवला, मी दोन रात्री झटतोय. कानशीने थोडं घासलं तर चालेल का? शनिवारी पहाटे रँचवर डुकरांच्या मागे जायचंय.

रेंजवरचा
कानस आधी खाली ठेव. कुठलं मॉडेल? कॅलिबर? साल? फोटो टाक.

घाईत_आहे
मार्लिन. शीर्षकात लिहिलंय की.

रेंजवरचा
हे गॅरेजवाल्याला नुसतं "मारुती आहे" सांगितल्यासारखं झालं. 336, 1894, 1895 यातली कुठली?

डॉ_खवचट
"लीव्हर" वाचून धावत आलो. यकृताचं काही असतं तर फुकट सल्ला दिला असता.

जुनं_खोड
कोलोरॅडोत तीस वर्षं काढली, घरी लीव्हरवालीच विंचेस्टर 94 आहे, म्हणून बोलतो. अक्रोडाचं लाकूड काढून ॲल्युमिनियमची जाळी लावायची हौस मला कळत नाही. ही बंदूक एका हातात रिसीव्हरपाशी (गोळी भरणारी यंत्रणा असते त्या मधल्या भागापाशी) धरून दिवसभर चालता येते, तिथेच तिचा तोल असतो. पुढे रेल, दिवा, बायपॉड (दोन पायांचा टेकू) लटकवलेत की तोंड खाली जातं. पैठणीवर जॅकेट घालून मिरवण्यातला प्रकार. लाकूड कोरडं पडलं असेल तर जवसाचं तेल बोटाने चोळा, पातळ थर, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. आणि तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

घाईत_आहे
काका, तेलाचं मी विचारलंच नव्हतं. 336 आहे, थर्टी-थर्टी. साल माहीत नाही. शेजारच्या आजोबांची होती, ते गेल्यावर आजींनी मला दिली. टेक्सासमधल्या लानोजवळचं रँच त्यांच्याच मुलाचं.

टेक्सासकर
थांब. व्हिसा कुठला? एच-1बीवर असशील तर फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवणंच गुन्हा आहे. हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकरं मारायला 2019 पासून लायसन्स लागत नाही, म्हणून आपले लोक ते काढत नाहीत आणि नेमके तिथेच अडकतात.

घाईत_आहे
ग्रीन कार्ड आहे हो. हँडगार्डवर या.

रेंजवरचा
सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे सांग, बाकीचे इथे टाकू नकोस.

घाईत_आहे
22.

रेंजवरचा
शंभरातून वजा कर. 78. म्हणजे 1978 ची. नळीवर रिसीव्हरजवळ लंबगोलात जेएम (जुन्या मार्लिन कंपनीचा छाप) कोरलेलं असेल, बघ. त्या छापासाठी लोक जास्त पैसे मोजतात. तर कानस, ड्रेमेल (घासायचं विजेचं यंत्र), जे काही हाताशी असेल ते ड्रॉवरमध्ये. आता एकच सांग: जुन्या लाकडाच्या पुढच्या टोकाला लोखंडी टोपी होती, की नळीला वेढा घालणारी कडी?

मॅट_ब्लॅक
जुनं_खोड काकांचा मुद्दा मला कधीच पटला नाही. परंपरा कुठली? 1860 ची हेन्री ही लीव्हरवाली रायफल सोळा गोळ्यांची होती, तेव्हा सैन्य नळीच्या तोंडाकडून ठासत होतं. 1876 ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा-शायेन या मूळ अमेरिकन लोकांकडे हेन्री आणि विंचेस्टर होत्या, अमेरिकी सैन्यातल्या कस्टरच्या घोडदळाकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन. म्हणजे तेव्हाची टॅक्टिकल (लढाऊ) बंदूक हीच! आज कंपन्यांनाही कळलंय: हेन्रीची एक्स मालिका, मार्लिनची डार्क मालिका, सगळं काळं. आणि मी न्यू जर्सीत राहतो. इथले जास्तीचे निर्बंध सेमी-ऑटोवर (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या बंदुकांवर) आहेत, लीव्हर त्यात येत नाही. आमच्यासाठी ही फॅशन नाही, सोय आहे.

जुनं_खोड
लकोटांनी एम-लॉक लावलं नव्हतं. पितळी खिळे ठोकून नक्षी काढायचे ते दस्त्यावर. लाकडावर!

मॅट_ब्लॅक
म्हणजे मॉडिफिकेशनच केलं ना काका 😀

कोकणचा_बाळू
आमच्या गावात अजून ठासणीच्या बंदुका आहेत, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायच्या, नेमकी तेव्हाच डुकरं भातात घुसतात. तुम्ही तिकडे बंदुकीला रंग कुठला शोभेल यावर भांडताय. आजोबा फटाके लावायचे, आता डुकरं फटाक्यालाही भीत नाहीत. सोलर कुंपणाचा कोणाला अनुभव आहे का?

टेक्सासकर
बाळूशेठ, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. इथेही कुंपणं उखडून टाकतात.

घाईत_आहे
कडी आहे. बाजूने स्क्रू असलेली. टोपी नाही.

रेंजवरचा
मिळालं. तू टोपीवाल्या रायफलसाठीचा हँडगार्ड मागवलायस. तो पुढे टोपीच्या आधारावर अडकतो, तुझ्या नळीवर तो आधारच नाही. घासून काय होणार? परत पाठव. खोक्यावर किंवा पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असणार.

घाईत_आहे
लिहिलंय. तिसऱ्या फोटोखाली. 😑 परत पाठवायला पंधरा टक्के कापतात. मग शनिवारी दिवा कुठे लावू? डुकरं अंधारातच येतात.

मॅट_ब्लॅक
बघा काका, यासाठी लागते रेल.

रेंजवरचा
वरची रेल बसेल. 336 वरून बंद असते, टरफल उजव्या बाजूने पडतं, आणि वर आटे पाडलेली भोकं आधीच असतात, त्यात बारीक स्क्रू भरलेले. ते काढ, रेल लाव, छोटा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन) बसव. बंदुकीला चिकटून बसणारा बुटका स्कोप (दुर्बीण) मात्र नको, हॅमरला, म्हणजे मागच्या घोड्याला, अंगठा पोचत नाही, मग आडवा खुंटा लावावा लागतो. काकांच्या जुन्या 94 मधून टरफल सरळ वर उडतं, म्हणून त्यांना स्कोपचा राग.

जुनं_खोड
राग नाही. गरज पडली नाही. दीडशे यार्डांच्या आत थर्टी-थर्टीला डोळे पुरतात. आणि 1978 ची म्हणजे तिच्यावर आडवं सेफ्टीचं बटण नाही, फक्त हाफ-कॉक (हॅमर अर्ध्यावर अडकवून ठेवायची खाच). गारठलेल्या बोटांनी हॅमर सावकाश उतरवायची सवय दिवसा, रिकाम्या बंदुकीवर कर. तू ती केलेली नसणार.

घाईत_आहे
…नाही केली.

टेक्सासकर
गोळ्या कुठल्या घेतल्यास?

घाईत_आहे
दुकानात होत्या त्या. टोकदार, लांब पल्ल्याच्या लिहिलंय.

टेक्सासकर
टोक कडक आहे की रबरासारखं मऊ? नळीच्या मॅगझिनमध्ये एकीचं टोक पुढचीच्या प्रायमरवर (बुडाची ठिणगी पाडणारी टिकली) टेकतं. कडक टोक असेल तर धक्क्याने आतल्या आत उडू शकते. लवचीक लाल टोकाच्या किंवा चपट्या तोंडाच्याच भर.

घाईत_आहे
लाल आहे, नखाने दाबलं जातं. ठीक आहे. हँडगार्ड परत करतो, रेल लावतो, लाकूड परत चढवतो. दिव्याचं रँचवाल्याला विचारतो.

जुनं_खोड
शाबास. तेल लाव.

घाईत_आहे
लाकूड चढवलं, कडी आवळली, रेल बसली. टेबलावर एक छोटा स्क्रू उरलाय. कुठला असेल?

रेंजवरचा
रेलच्या जागी भरलेल्यांपैकी असेल तर हरकत नाही, नाहीतर आहे. कळेपर्यंत एकही गोळी भरू नकोस. आणि आता तरी फोटो टाक.