मदत हवी आहे: ऑर्लिस्टॅट आणि थायरॉईडची गोळी, वेळ कशी जमवता?

मंडळी, वय 43, उंची 5 फूट 2, वजन 84 किलो. चार महिने रोज सकाळी वडोदऱ्याच्या कमाटीबागेत पाऊण तास भरभर चालते, आठवड्यातून तीनदा घरीच डंबेल्स. साखर, तळण बंद (रविवारची सेव-उसळ सोडून, खोटं कशाला बोलू). सहा किलो उतरले, पण गेला दीड महिना काटा हलत नाही.

डॉक्टरांनी ऑर्लिस्टॅट (जेवणातली काही चरबी अंगात शोषू न देणारी, वजन कमी करायची गोळी) 120 मिलिग्रॅम जेवणासोबत आणि झोपताना मल्टिव्हिटॅमिन दिलंय. ओळखीतल्या एकाने दिलेली बिनलेबलची 'हर्बल' डबी परत केली. सिबुट्रामिन या भूक कमी करणाऱ्या औषधावर आपल्याकडे 2011 पासून बंदी आहे, पण अशा डब्यांत काय घालतील सांगता येत नाही.

अडचण वेळेची. थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी, 50 मायक्रोग्रॅम) मी पहाटे साडेपाचला घेते आणि तिच्यात नि ऑर्लिस्टॅटमध्ये चार तासांचं अंतर हवं. मला साडेआठला शाळेत पोचायचं असतं, नाष्टा आठच्या आत. नाष्ट्यात तेल-तूप अजिबात नसेल तर ऑर्लिस्टॅट वगळता येते म्हणे, पण बिनफोडणीचे पोहे किती दिवस खाणार? थायरॉक्सिन रात्री न्यावी तर जेवणच साडेआठला. डॉक्टर सोमवारी भेटतील, त्यांना विचारणारच आहे.

दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांनी सांगा: तुमच्या डॉक्टरांनी कोणत्या वेळा ठरवून दिल्या? आणि सकाळी चालताना पोटाची तारांबळ उडाली का?