शरीराचं पुनरुत्थान की अमर आत्मा? ख्रिस्ती धर्मात प्लेटो नेमका किती मुरलाय

नाल्याकाठचा_पाहुणा

मंडळी, गेल्या महिन्यात वसईला मित्राच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेलो होतो. मी हिंदू घरातला, चर्चमध्ये बसून पूर्ण मिस्सा (कॅथलिक लोकांचा प्रार्थनाविधी) ऐकायची पहिलीच वेळ. सगळं मराठीत होतं त्यामुळे शब्दन् शब्द कळत होता आणि तिथेच गोची झाली. मिस्सात एक वाचन झालं त्यात नीतिमान माणसांचे आत्मे देवाच्या हातात आहेत, त्यांना आता कसलाच त्रास नाही असं काहीतरी होतं. ठीक, हे आपल्याला लगेच कळतं, गीतेतलं जुनं कापड टाकून नवं घ्यायचं तेच ना. पण संध्याकाळी घरी सगळे रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसले, तिची सुरुवात त्यांच्या श्रद्धेच्या कबुलीने होते, आणि त्यात चक्क 'शरीराचे पुनरुत्थान' असा शब्द आला. आत्म्याचं नाही, शरीराचं!

आता आत्मा जर आत्ताच देवाकडे पोचलाय तर शेवटच्या दिवशी शरीर परत कशाला हवंय? मित्राला अशा वेळी विचारणं बरं दिसलं नसतं. घरी येऊन यूट्यूबवर शोधलं तर एकेक व्हिडिओ भारी, कोणी म्हणतंय अमर आत्मा ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोकडून उचलला, कोणी म्हणतंय त्रैक्यसुद्धा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) ग्रीकांचंच, कोणी म्हणतंय सगळा धर्मच कॉन्स्टंटाइन या रोमन राजाने बसवला. यात खरं किती? कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीयेत, खरंच समजून घ्यायचंय. भांडण नको प्लीज.

काळी_शाई

सोप्पं आहे. ३२५ साली कॉन्स्टंटाइनने निकियाला (आजच्या तुर्कस्तानात) बिशप लोकांना बोलावलं, मतदान घेतलं, येशूला देव केलं. जो मुख्य शब्द घातला 'होमोऊसिओस', म्हणजे पित्याशी एकाच तत्त्वाचा, तो अख्ख्या बायबलात एकदाही नाही. ग्रीक तत्त्वज्ञानातला शब्द. विषय संपला.

अंजीरबाग

विषय एवढ्यात संपत असता तर १७०० वर्षं लोक भांडले नसते हो शाईसाहेब 😄

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. मी अहमदनगरकडची, प्रोटेस्टंट घरातली, आमच्या संडे स्कूलमध्ये पौल या पहिल्या ख्रिस्ती प्रचारकाची अथेन्सची गोष्ट नाटक करून शिकवायचे म्हणून डोक्यात पक्की बसलीय. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७. पौल अथेन्सला जातो, तिथे एपिक्युरियन आणि स्टोइक तत्त्वज्ञ त्याला गाठतात, हा बडबड्या काय सांगतोय बघू म्हणून अरीयपग नावाच्या टेकडीवर घेऊन जातात. पौल हुशार, तो मोशे-अब्राहाम काही काढत नाही, त्यांच्याच कवीची ओळ त्यांना ऐकवतो, आपण त्याचे वंशज आहोत अशी. ती अराटस नावाच्या ग्रीक कवीची आहे आणि मूळ कवितेत ती देवबाप्पा म्हणजे झ्यूसबद्दल आहे! तोपर्यंत सगळे नीट ऐकून घेतात. मग तो म्हणतो देवाने एका माणसाला मेलेल्यातून उठवलं, की झालं, लोक हसायला लागतात. काही जण म्हणतात पुन्हा कधीतरी ऐकू (आपण सेल्समनला सांगतो तसं).

ते हसले का ते महत्त्वाचं आहे. आत्मा मरत नाही असं सांगितलं असतं तर निदान प्लेटोवाले तरी माना डोलावून घरी गेले असते. शरीर परत उठणार हेच त्यांना वेडेपणाचं वाटलं, कारण प्लेटोच्या हिशेबात शरीर म्हणजे आत्म्याची कैद, एकदा सुटल्यावर परत तुरुंगात कोण जाईल. उलट यहुदी विचारात माणूस म्हणजे शरीर अधिक आत्मा अशी बेरीजच नाहीये. उत्पत्तीत देव मातीत श्वास फुंकतो आणि माणूस 'नेफेश' होतो, त्याला नेफेश मिळत नाही, तो स्वतःच नेफेश होतो, म्हणजे जिवंत प्राणी.

ऑस्कर कुलमन म्हणून एक अभ्यासक होते, त्यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला याच विषयावर भाषण दिलं. त्यातली तुलना मला कधी विसरता आली नाही. सॉक्रेटिस विषाचा प्याला घेतो तेव्हा एकदम शांत, मित्रांशी गप्पा मारत मारत जातो, कारण त्याच्यासाठी मरण म्हणजे सुटका. आणि येशू पकडला जायच्या आधी गेथशेमानेच्या बागेत बेचैन होतो, शिष्यांना म्हणतो जागे रहा माझ्याबरोबर, हा प्याला टळू दे म्हणून देवाला विनवतो. त्याच्यासाठी मरण मित्र नाही, शत्रू आहे, आणि शत्रू असेल तरच पुनरुत्थानाला काही अर्थ. तेव्हा कुलमनवर लोक बरेच चिडले होते, कारण चर्चमध्ये बसलेल्या बहुतेकांना आपण सॉक्रेटिसच्या बाजूचे आहोत हेच माहीत नव्हतं.

थोडक्यात तुम्हाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. रोझरीतलं वाक्य जुनं यहुदी, चर्चमधलं वाचन ग्रीक वळणाचं. आमच्या बायबलात ते वाचन नाहीच मुळी.

जुनी_वही

अंजीरबागताई, वाचन ओळखलंत! ते ज्ञानग्रंथ या कॅथलिक बायबलातल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे, कॅथलिक अंत्यविधीला नेहमी घेतात. फक्त एक दुरुस्ती, ते ग्रीक वळणाचं आहे पण ख्रिस्ती लोकांनी वळवलेलं नाही. ते पुस्तक येशूच्या आसपासच्या काळात एका यहुदी माणसाने ग्रीक भाषेत लिहिलं, बहुधा अलेक्झांड्रियात. म्हणजे ख्रिस्ती धर्म जन्मायच्या आधीच यहुदी घरात ग्रीक पाहुणा येऊन चांगला मुक्कामाला राहिला होता. त्याच शहरातला फायलो घ्या, पक्का यहुदी, पण मोशेला प्लेटोच्या चष्म्यातून वाचायचा आणि देव व जग यांच्या मधल्या दुव्याला 'लोगोस' म्हणायचा. आणि योहानाचं शुभवर्तमान कशाने सुरू होतं? प्रारंभी शब्द होता. मूळ ग्रीकमध्ये तिथे लोगोसच आहे. योहानाने फायलो वाचला होता की उत्पत्तीतला 'देव बोलला' डोक्यात होता यावर अभ्यासकांचं अजून जमत नाही, माझ्या मते दोन्ही कानात असणार, त्या काळात त्या भागात ग्रीक बोलणाऱ्याच्या कानावर लोगोस न पडणं म्हणजे पुण्यात राहून कर्मयोग शब्द न ऐकण्यासारखं.

आता शाईसाहेब. मी तीन वर्षं सेमिनरीत (फादर घडवतात त्या शाळेत) होतो, नंतर सोडली, आता बँकेत आहे, पण पहिली वर्षं आम्हाला तत्त्वज्ञानच घासायला लावलं होतं. फादर व्हायचं तर आधी तत्त्वज्ञान मग ईश्वरज्ञान हा क्रम आजही आहे, ग्रीक प्रभावाचा याहून मोठा पुरावा काय हवा 😀 असो. निकियाला येशूला देव केलं हे काही खरं नाही. साधारण ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर सम्राट ट्रेजनला पत्रात कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. निकियाच्या दोनशे वर्षं आधी. ३२५ चं भांडण वेगळं होतं, तो देव कुठल्या अर्थाने.

आणि गंमत इथेच आहे. निकियात हरलेला जो अरियस नावाचा धर्मगुरू, त्याचं म्हणणं काय होतं? खरा देव एकच, अजन्मा, अचल, कशातही न मिसळणारा, आणि पुत्र म्हणजे त्याने निर्माण केलेला मधला दुवा, पुत्र नव्हता असंही कधीतरी होतं. हे वाचून सांगा कोण जास्त ग्रीक वाटतो. वर एक अलिप्त परमतत्त्व, खाली घाणेरडं जग आणि मधे हात खराब करून घ्यायला एक दुय्यम देव, ही रचना त्या काळच्या प्लेटोपंथीयांना अगदी घरची होती. जिंकलेल्या बाजूने शब्द ग्रीक घेतला, होमोऊसिओस बायबलात नाही हे शाईसाहेबांचं बरोबरच, तेव्हाच्या कितीतरी बिशपांचीही हीच तक्रार होती. पण तो शब्द वापरून त्यांनी ग्रीकांना न झेपणारी गोष्ट सांगितली, की तो परमदेवच स्वतः देहात आला. हत्यार शेजाऱ्याचं, पण वापरलं शेजाऱ्याच्याच भिंतीवर. कॉन्स्टंटाइनचं म्हणाल तर त्याला मरताना ३३७ साली बाप्तिस्मा दिला तो निकोमिडियाचा युसेबियस, अरियसच्या गोटातला! आणि निकियाची बाजू लढवणारा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. राजाने ठरवलं आणि झालं असं असतं तर एवढी वणवण कशाला.

पुढे त्रैक्याची भाषा जमवताना तर आणखी घोळ. ग्रीक लोक पिता, पुत्र, पवित्र आत्मा या तिघांना 'हिपोस्टासिस' (त्यांच्या मते वेगळी व्यक्ती) म्हणायला लागले, लॅटिनमध्ये त्याचं शब्दशः भाषांतर होतं सब्स्टान्शिया, म्हणजे मूळ तत्त्व, आणि लॅटिनवाले तर एकच सब्स्टान्शिया म्हणत होते. म्हणजे इकडे तीन हिपोस्टासिस आणि तिकडे एक सब्स्टान्शिया, दोघांना एकमेकांचं पाखंड वाटतंय आणि दोघं बोलतायत एकच. भाषांतराच्या कामात असलेल्यांनी यावर एक चहा प्यावा.

काळी_शाई

अरियसचं पटलं, ते माहीत नव्हतं. पण मग टर्टुलियन हा जुना ख्रिस्ती लेखक का ओरडत होता की अथेन्सचा यरुशलेमशी काय संबंध? म्हणजे घुसखोरी चालू होतीच ना.

जुनी_वही

होतीच की. पण टर्टुलियनचं उदाहरण म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. हा कार्थेजचा माणूस, तत्त्वज्ञांना पाखंडाचे पूर्वज म्हणायचा, आणि स्वतः आत्म्यावर पुस्तक लिहिलं त्यात आत्मा हा सूक्ष्म पण शरीरच आहे असं म्हणतो, जे सरळ स्टोइकांचं मत. लॅटिनमध्ये त्रैक्याला 'ट्रिनितास' हा शब्द रुळवणाराही तोच.

उलट टोकाला जस्टिन, हाही जुना ख्रिस्ती लेखक. हा आजच्या नाब्लसचा, गुरू शोधत फिरला. स्टोइकाला देवाबद्दल काही पडलेलं नव्हतं, अरिस्टॉटलवाल्याने आधी फी किती ते विचारलं (क्लासवाले तेव्हाही होते), पायथागोरसवाला म्हणाला आधी संगीत, खगोल, भूमिती शिकून ये, शेवटी प्लेटोवाल्याकडे मन रमलं आणि तिथून पुढे ख्रिस्ताकडे. ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा काढला नाही. म्हणायचा की लोगोसचं बी सगळीकडे पेरलेलं आहे, सॉक्रेटिस आणि हेराक्लिटस हे ख्रिस्ताच्या आधीचे ख्रिस्तीच. रोममध्ये १६५ च्या सुमाराला त्याचा शिरच्छेद झाला.

पण मला विचाराल तर सगळ्यात खोल गेलेला ग्रीक प्रभाव आत्मा नाही, त्रैक्यही नाही. तो आहे देवाला काही लागत नाही ही कल्पना. जुन्या करारातला देव रागावतो, माणूस निर्माण केला म्हणून पस्तावतो, होशेयाच्या पुस्तकात तर त्याचं काळीज आतल्या आत उलटंपालटं होतं. ग्रीक तत्त्वज्ञांच्या मते परिपूर्ण असेल तो बदलणार नाही, आणि बदलणार नाही त्याला दुःखही होणार नाही. चर्चच्या पंडितांनी हे जवळजवळ चर्चा न करता मान्य केलं आणि मग क्रूसापाशी येऊन अडकले, कारण तिथे टांगलेला कोण? अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल म्हणतो त्याने दुःख न होता दुःख भोगलं. हे वाक्य सेमिनरीत पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर वडील आजारी पडले तेव्हा हसू आलं नाही, तेव्हा मला पस्तावणारा देवच हवा होता.

अंजीरबाग

होशेयाबद्दल +१. आमच्याकडे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरचं नाव घेऊन सांगायचे की आम्ही अरिस्टॉटलला हाकललं, त्याने १५१७ मध्येच लिहिलं होतं की ईश्वरज्ञानाच्या पुढे अख्खा अरिस्टॉटल म्हणजे उजेडापुढे अंधार. पण आमच्या पाळकसाहेबांच्या प्रवचनातला देवसुद्धा अचल आणि अविकारीच असायचा, म्हणजे पुढच्या दाराने हाकलला तो मागच्या दाराने घरातच.

सुपारीची_बाग

गोव्यातून. मला वाटतं यात वाईट काय आहे? कुठल्याही भाषेत देव सांगायचा तर त्या भाषेतलेच शब्द घेणार ना. आपल्याकडे फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ ला राशोलला छापलं, ओवीत, आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली कॅथलिकाने तर सरळ मांडलं की मध्ययुगातल्या अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने अरिस्टॉटलला घेऊन जे केलं ते आपण वेदांताला घेऊन करू, आणि १८९८ मध्ये त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून संस्कृतात स्तोत्र रचलं. तेव्हा रोमच्या लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. ग्रीक चालतो, संस्कृत चालत नाही, का तर ग्रीक आधी आला म्हणून.

जुनी_वही

एकदम मान्य, फक्त अक्वायनसलाही फुकटात मिळालं नव्हतं हं. तो १२७४ मध्ये गेला आणि तीनच वर्षांत पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली, बहुतेक अरिस्टॉटलच्या नादी लागलेल्या प्राध्यापकांची, त्यात काही अक्वायनसच्या मतांच्या फार जवळची होती. आता तोच पाठ्यपुस्तक आहे.

नाल्याकाठचा_पाहुणा

बापरे, मी एवढी अपेक्षा केली नव्हती, दोनदा वाचलं. काल मित्र भेटला, आता थोडा सावरलाय, धीर करून विचारलं. तो म्हणाला मला प्लेटो-बिटो माहीत नाही, पण आम्ही पुरतो, जाळत नाही, ते उगाच नाही. मग म्हणाला आता दहनालाही परवानगी आहे म्हणे. तसं असेल तर मग शरीराचा मुद्दा सुटलाच ना?

जुनी_वही

परवानगी १९६३ पासून आहे. पण २०१६ मध्ये रोमने परत सूचना काढली की राख वाऱ्यावर किंवा समुद्रात सोडायची नाही, घरी बरणीत ठेवायची नाही, तिचे दागिने करायचे नाहीत, दफनभूमीत किंवा तशाच पवित्र जागी ठेवायची. प्लेटो पूर्ण जिंकला असता तर राखेचं एवढं कोणी मनावर घेतलं असतं का?