मदत हवी आहे: जुना 'उमराव जान' चांगल्या प्रिंटमध्ये कुठे मिळेल?

मंडळी, मी इंदूरची, पुढच्या रविवारी आईचा सत्तरावा वाढदिवस आहे आणि तिला तिचा आवडता 'उमराव जान' घरी प्रोजेक्टरवर दाखवायचाय, म्हणजे 1981चा, मुझफ्फर अलींचा. मागच्या महिन्यात भावाने चुकून 2006चा लावला आणि अर्ध्या तासात आई उठून आत गेली. मला पण तो सिनेमा फारच वाईट वाटला, कपडे-दागिने भरपूर, ऐश्वर्या दिसते सुंदर, पण सिनेमा संपतच नाही आणि गाणी मनात राहत नाहीत. खय्यामसाहेबांनी आशाबाईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं होतं, तो आवाज ऐकला की आईचे डोळे अजून भरून येतात, आणि रेखाचं तर काय सांगू, राष्ट्रीय पुरस्कार उगीच नाही मिळाला!

जेल रोडवर डीव्हीडीसाठी फिरले, कुणाकडे नाही. मोबाईलवर जे सापडतं ते फार धूसर. 2025च्या जूनमध्ये रिस्टोर केलेली प्रिंट थिएटरला लागली होती तेव्हा आईचा गुडघा ऑपरेट झालेला, राहूनच गेलं. ती प्रिंट घरी बघायची काही सोय आहे का? नाहीतर इंदूर-देवासकडे कुणाकडे ओरिजिनल डीव्हीडी असेल तर दोन दिवसांसाठी द्याल का, मी स्वतः येऊन नेईन, जपून परत करीन.