‘रेज’ म्हणजे नुसता राग नव्हे

प्रश्न : ‘रोड रेज’साठी ‘रस्त्यावरचा राग’ असं भाषांतर वाचलं. फारच मिळमिळीत वाटलं. ‘अँगर’ आणि ‘रेज’ यांत फरक काय? आणि ‘रेज’चं आपल्या ‘राग’शी काही नातं आहे का?

उत्तर : नातं नाही, उच्चार तेवढा जवळचा. आपला ‘राग’ संस्कृत ‘रञ्ज्’ धातूतून आला, म्हणजे रंगणे. तिथे त्याचा अर्थ रंग, आसक्ती, प्रेम. ‘अनुराग’मध्ये तो अजून टिकून आहे. हिंदी माणसालाही ‘राग आला’ म्हटलं तर उलगडा होत नाही.

‘रेज’चं मूळ लॅटिन ‘राबिएस’. होय, तोच ‘रेबीज’. कुत्र्याचं पिसाळणं आणि माणसाचं क्रोधाने बेभान होणं, दोन्हींना लॅटिनमध्ये हा एकच शब्द. पुढे बोलीत त्याचं ‘राबिया’ झालं, फ्रेंचमध्ये ‘राज’, आणि १३००च्या सुमारास तो इंग्रजीत शिरला. ‘ब’ जाऊन ‘ज’ कसा आला, हे विचित्र वाटेल. पण लॅटिन ‘रुबेउस’ म्हणजे तांबडा, त्याचंही फ्रेंचमध्ये असंच ‘रूज’ झालं आहे. रोगाचं नाव म्हणून ‘रेबीज’ हे लॅटिन रूप इंग्रजीने नंतर वेगळं उचललं. फ्रेंचांनी अशी वाटणी केलीच नाही. लुई पाश्चरने १८८५ साली ज्या रोगावरची लस माणसाला प्रथम टोचली, त्या रोगाला फ्रेंचमध्ये आजही ‘राज’च म्हणतात, आणि अनावर संतापालाही. संस्कृतातला ‘रभस्’, म्हणजे आवेग, याच कुळातला असल्याचं व्युत्पत्तिकोश सांगतात.

म्हणून ‘अँगर’ला राग ठीक आहे, पण ‘रेज’ला मला ‘पिसाळणे’ हाच शब्द योग्य वाटतो. ‘गाडीला जरा धक्का लागला तर पिसाळल्यासारखा अंगावर आला’ असं आपण बोलतोच की! बातमीत तेच लिहावं.

प्रश्न : मग ‘आउटरेज’ म्हणजे बाहेर पडलेला ‘रेज’ का?

उत्तर : नाही, इथे बरेच जण फसतात. त्यात ‘आउट’ही नाही आणि ‘रेज’ही नाही. लॅटिन ‘उल्त्रा’, म्हणजे पलीकडे, त्याचं फ्रेंचमध्ये ‘उत्र’ झालं आणि त्याला नाम करणारा ‘आज’ प्रत्यय लागला. मूळ अर्थ मर्यादा ओलांडणे. संतापाची छटा नंतर चढली, त्यात ‘रेज’शी असलेल्या साम्याचा हात आहेच. २०२४पर्यंत लागू असलेल्या १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४मध्ये ‘आउटरेज’ होता तो या जुन्याच अर्थाने, आणि मराठीत त्याला ‘विनयभंग’ म्हणतात. त्यातल्या ‘भंग’मध्ये तो अर्थ अचूक उतरला आहे.