मदत हवी आहे : ठेंगण्या लाल फ्लोरिबंडा गुलाबाची छाटणी आणि पानांवरचे काळे डाग

माझ्या छोट्या बागेत भिंतीलगतच्या अरुंद वाफ्यात ‘ट्रंपेटर’ या लाल फ्लोरिबंडा (झुबक्यांनी फुलणाऱ्या) गुलाबाची काही झुडपे आहेत. गुलाबाच्या नव्या जाती तयार करणारे सॅम मॅकग्रेडी यांनी १९७७ च्या सुमारास तयार केलेली ही जात ठेंगणी राहते आणि झुबक्यांनी फुलते, म्हणूनच ती निवडली. सहा तासांचे ऊन मिळते, पाण्याचा निचराही चांगला आहे. फुलांबाबत तक्रार नाही.

अडचण पानांची आहे. खालच्या पानांवर कडा विस्कटलेले काळे डाग पडतात, भोवतीचा भाग पिवळा होतो आणि पाने गळून झुडूप खालून उघडे पडते. हा बुरशीजन्य रोग पाने बराच वेळ ओली राहिली की पसरतो, म्हणून मी सकाळीच आणि फक्त बुंध्याशी पाणी घालतो, गळलेली पानेही वेचतो. तरीही भिंतीमुळे हवा कोंडत असावी, अशी मला दाट शंका आहे.

मधल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून झुडूप मोकळे करावे, की दोन झुडपांतील सध्याचे पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर वाढवण्यासाठी एखादे झुडूप हलवावे? फ्लोरिबंडाची हायब्रिड टीइतकी (दांड्यावर एकेक मोठे फूल देणाऱ्या गुलाबांइतकी) कडक छाटणी करत नाहीत. मात्र जागा इतकी कमी असताना किती उंची राखावी? शिवाय, झुबक्यातील सर्व फुले सुकल्यावर तो पहिल्या सशक्त पानापर्यंत कापावा, की प्रत्येक फूल वेगळे खुडत राहावे? बुरशीनाशकाची फवारणी शक्यतो टाळायची आहे. अशा कोंदट जागी फ्लोरिबंडा वाढवलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.