पतसंस्थेच्या सभासदांसाठी आर्थिक साक्षरतेचा वर्ग घ्यायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या एका कारखान्याच्या कामगार पतसंस्थेवर यंदा संचालक म्हणून निवडून आले आणि पहिल्याच मासिक सभेत सभासद प्रशिक्षणाचं काम माझ्या गळ्यात पडलं. सहकार कायद्याच्या कलम 24 अ प्रमाणे ते करावंच लागतं, शिक्षण निधीही दरवर्षी भरतो. पण आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे शाल-श्रीफळ, 'बचतीचे महत्त्व' आणि वडापाव. मागच्या वेळचे वक्ते तर सगळ्यांचे मोबाईल नंबर घेऊन गेले, नंतर महिनाभर विम्याचे फोन!

मला भाषण नको, रोजच्या व्यवहाराचं काहीतरी हवंय. परवा एक सभासद म्हणाला, "बाहेर पण बाराच टक्के, आणि जामीनदार लागत नाही. मग पतसंस्थेकडे कशाला येऊ?" त्याच्याकडचा कागद बघितला तर व्याज फ्लॅट, म्हणजे हप्ते फेडत गेलं तरी शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवरच. व्हाउचरच्या मागेच हिशोब मांडून दिला: 1 लाख, 3 वर्षं. फ्लॅट 12 टक्क्यांनी व्याज 36,000, हप्ता 3,778. घटत्या शिल्लकीवर, म्हणजे उरलेल्या कर्जावरच, 12 टक्क्यांनी हप्ता 3,321, व्याज साधारण 19,570. गडी तो कागद घडी करून खिशात घालून गेला.

अशा गोष्टींचं मराठीत, फुकट साहित्य कुठे मिळेल? आणि काहीही न विकणारा वक्ता?

– भोसरीकरीण

जमाखर्च : ताई, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आर्थिक साक्षरतेच्या पुस्तिका मराठीतही आहेत. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राचं साहित्यही बघा. वक्त्यासाठी अग्रणी बँकेकडे (लीड बँक, जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी) जा. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र. आर्थिक साक्षरता केंद्राचे समुपदेशक मिळतील का, ते अग्रणी जिल्हा प्रबंधकांच्या कार्यालयात विचारा. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या, नुसत्या फोनवर भागत नाही. कलम 24 अ खाली नोंद लागायची असेल तर महाराष्ट्र राज्य सहकारी संघाशीही बोलून घ्या, तो पुण्यातच आहे.

निवृत्त_वसुली : पुस्तिका राहू द्यात, आधी जामीनदार शिकवा. 'मित्राला नुसती सही दिली' म्हणणारे नोकरीभर बघितले. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या' हे चालत नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला (थकलेलं कर्ज वसूल करायचा आदेश) निघाला की जामीनदाराचंही नाव त्यात येतं. तुमचाच जामीनरोखा मोठ्या अक्षरात छापून ओळ न् ओळ वाचून घ्या.

पेठेतली_काकू : एक खोचक प्रश्न. ठेवींना विमा नाही, हे सभासदांना सांगणार का? 5 लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, नागरी सहकारी बँकासुद्धा त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही, आणि त्यातले दोघे पतसंस्थेचे संचालक आहेत!

भोसरीकरीण : काकू, नेमकं बोट ठेवलंत. काल सभेत हा विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले, "कशाला उगाच? उद्या ठेवी काढायला रांग लागेल."

निवृत्त_वसुली : रांग अफवेने लागते. स्वतःहून सांगा, आणि त्याच बैठकीत ताळेबंद उघडा: ऑडिटमध्ये मिळालेली श्रेणी, थकबाकी किती, राखीव निधी किती, पैसे कुठे गुंतवलेत. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घ्यावीच लागते. अहवाल तेव्हा वाटता ना? तोच वाचायला शिकवा.

भोसरीकरीण : पटलं. फ्लॅट-घटता हिशोब, जामीनरोखा आणि आपला ताळेबंद, एवढंच घेते. गुंतवणूक, शेअर बाजार वगैरे पुढे कधीतरी. ठेवींना विमा नाही, हे मी स्वतःच बोलेन, अध्यक्षांना तसं सांगून ठेवलंय. वर्ग साडेतीनला, पहिली पाळी सुटल्यावर. लोकांना कंपनीची बस पकडायची असते, म्हणजे हातात जेमतेम चाळीस मिनिटं. कामगारांना समजेल असा ताळेबंदाचा एकपानी मराठी नमुना कोणी केलाय का? आकडे खोडून पाठवला तरी चालेल.